टर्कीची तंगडी: आच मंद, वरची पेरणी कच्ची

पहिलं सांगायचं ते हे, की अख्खी टर्की घेऊच नका. पाच-सहा किलोचा पक्षी परातीत मावतो, पण घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, मावत नाही. मावला तरी छाती आणि तंगडी एका वेळी नीट शिजत नाहीत. छातीचं मांस ७४ अंश सेल्सिअसला खाण्याजोगं होतं आणि त्यापुढे कोरडं पडत जातं. तंगडीत मात्र शिरा, पडदे आणि चिवट धागे इतके असतात की ८५-९० अंशांवर बराच वेळ मुरल्याशिवाय ती दाताला दाद देत नाही. हे चिवट धागे सावकाश विरघळले की त्यांचंच जिलेटिन होतं आणि रस दाट, ओठांना किंचित चिकटणारा बनतो. मंद आचेवर झाकून शिजवायचं ते यासाठी.

दुसरं म्हणजे हा रस्सा नाही. टर्की हाती आली की आपल्याकडचा पहिला विचार वाटणाचा असतो: कांदा-खोबरं भाजा, गरम मसाला घाला, मटणासारखं करा. नाशकातल्या काही घरांत तसं करून पाहिलंय आणि ते वाईट लागत नाही. पण मग मटण काय वाईट होतं? टर्कीच्या तंगडीला स्वतःची एक खोल चव आहे, ती काळ्या वाटणाखाली दबते. तिला झणझणीत मसाल्यापेक्षा शेवटी वरून पडणारं काहीतरी कच्चं, हिरवं, आंबट-कडसर हवं असतं. मिलान शहरात वासराच्या नळीचं मांस असंच तासन्‌तास शिजवतात आणि वाढताना त्यावर पार्स्ली, लिंबाची साल आणि कच्चा लसूण बारीक चिरून टाकतात. त्याला ग्रेमोलाता म्हणतात. आपण वरून पेरायची तीच कल्पना घ्यायची आणि सामान नाशिकच्या हिवाळ्यातलं वापरायचं.

पक्षी मिळवताना

रोजच्या चिकनच्या दुकानात टर्की मिळेल अशी आशा धरू नका. गावठी कोंबड्या, कडकनाथ, बदकं पाळणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याकडे चौकशी करावी लागते, आणि नाताळसाठी हवी असेल तर दोन-तीन आठवडे आधी सांगून ठेवावं लागतं. नाशिकच्या शरणपूर भागात ओळखीचं ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्यांना विचारा. नाताळात पक्षी कुठून येतो हे तिथल्या काकूंना बरोबर ठाऊक असतं. आणि आपल्या घरी मार्गशीर्षातले गुरुवार पाळत असतील तर वार पाहूनच पक्षी सांगा. डिसेंबरात हा घोळ हमखास होतो.

हिंदुस्थानात हा पक्षी नवा नाही. १६१२ साली मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी काही चमत्कारिक प्राणी-पक्षी नेले, त्यांत टर्की होती. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने तिचं चित्रही काढलं. बादशहा तिच्या डोक्या-गळ्याच्या बदलत्या रंगांवर खूश झाला होता. शिजवायचं कसं हा प्रश्न त्याला पडल्याचं दिसत नाही.

वाटणीची एक चांगली पद्धत आमच्या भिशीत रुळली आहे. चौघींनी मिळून एक पक्षी घ्यायचा. दोघींना एकेक तंगडी मांडीसकट, एकीला छाती (तिचे कटलेट उत्तम होतात), आणि चौथीला पाठ, मान, पंख सूपसाठी, अर्थात कमी पैशांत. ज्यांना मोठ्या जेवणासाठी दोन्ही तंगड्या हव्या असतात त्या आधी सांगतात.

कापून देणाऱ्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, सोलू नका, कातडीसकट हवी. आपल्याकडे कोंबडी सोलून द्यायची सवय असल्याने हे दोनदा सांगावं लागतं. गरम पाण्यात बुडवून पिसं उपटायची म्हणजे वेळ जातो, त्याचे थोडे जास्त पैसे द्या. दोन, मांडी आणि नळी सांध्यावर वेगळी करा, पण हाडावर कोयता मारू नका. फुटलेल्या हाडाच्या कपच्या रसात उतरतात. तीन, पक्ष्याचं वय विचारा. उत्तरावर विश्वास नसेल तर नराच्या पायामागचा काटा पाहा. तो बोथट, बुटका असेल तर पक्षी कोवळा. लांब आणि टोकदार असेल तर शिजायला तासभर जादा धरा.

गोठवलेल्या तंगड्या मिळाल्या तर त्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या. दोन किलोला साधारण २४ तास लागतात. ओट्यावर ठेवून घाई करू नका, थंडी असली तरी.

आदल्या रात्रीचं मीठ

नळाखाली धुण्याची आपली सवय मोडणं अवघड आहे. पण धार पडली की शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, आणि आपली कोथिंबीर तर शेवटी कच्चीच खायची आहे. धुवायचंच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा. मग स्वच्छ पंच्याने तुकडे अगदी कोरडे करा. ओलं मांस तेलात भाजलं जात नाही, उकडतं.

मीठ किलोला १० ग्रॅम, म्हणजे दीड-पावणेदोन सपाट चहाचे चमचे. कातडीखालीही बोटाने थोडं सारा. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. उघडं ठेवलं तर कातडी छान सुकते, पण ज्या फ्रीजमध्ये दूध आणि नैवेद्याचं ताट असतं तिथे हे चालणार नाही, तेव्हा सैल झाकण घाला. हळद? मी घालत नाही. शरणपूरच्या एका काकूंना हळदीशिवाय मांस शिजवणं अशुभ वाटतं, त्या चिमूटभर लावतात आणि त्यांची तंगडी काही बिघडत नाही.

भांड्यात काय घालायचं

दोन तंगड्या मांडीसकट, हाडासह पावणेदोन किलोच्या आसपास, सहा जणांना पुरतात. त्यासाठी:

- कांदे ४ मध्यम, उभे चिरून
- गाजरं २, जाड तुकडे
- लसूण १० पाकळ्या, सालीसकट ठेचून
- टोमॅटो २, किसून
- कोथिंबिरीच्या देठांची एक जुडी, दोऱ्याने बांधून
- काळी मिरी ८-१०, तमालपत्र १, ओवा पाव चमचा
- कोरडी (गोड नसलेली) पांढरी वाइन २०० मिली
- चिकनचं किंवा भाज्यांचं पाणी ४०० मिली, बिनमिठाचं
- तेल २ मोठे चमचे, थोडं लोणी

ओव्याबद्दल कुणी भुवया उंचावेल. युरोपात या पदार्थात थाईमची पानं घालतात. थाईमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो, तेच ओव्यातही भरपूर असतं. म्हणून पाव चमचा ओवा तिथे चपखल बसतो. पाव चमचाच. अर्धा घातलात तर घरात कुणाचं पोट दुखतंय का असं विचारतील.

कांद्याचं गणित नाशिककरांना सांगायला नको, तरी सांगते. डिसेंबरात बाजारात येणारा नवा लाल कांदा पाणीदार असतो, त्याला रंग यायला वेळ लागतो. चाळीतला उन्हाळ कांदा कुणाकडे उरला असेल तर तो घ्या, कोरडा असल्याने लवकर तांबूस होतो. नव्या कांद्याला फक्त दहा मिनिटं जास्त द्या आणि आच वाढवू नका.

वाइन आपल्या गंगापूर-दिंडोरीकडचीच घ्यावी. सोव्हिन्यो ब्लाँ चांगली, कारण ती कोरडी आणि आंबटसर असते. शेनिन ब्लाँ बरेचदा गोडसर असते आणि आटल्यावर तो गोडवा आणखी वर येतो. वाइन नको असेल तर तेवढंच पाणी, त्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर आणि एक जादा टोमॅटो. एक मोह मात्र टाळा. या दिवसांत द्राक्षबागांत घडांची विरळणी चालू असते आणि ती आंबट हिरवी मणी खाली पडलेली दिसतात. त्यांचा रस या पदार्थाला शोभला असता, पण बागेवर फवारण्या चालू असतात आणि त्या मण्यांना फवारणीनंतर काढणीपूर्वी थांबायचा काळ मिळालेला नसतो. ओळखीची बाग असली तरी नको.

भाजणं

जाड बुडाच्या भांड्यात तेल तापवा. तुकडे कातडीची बाजू खाली करून ठेवा, एका वेळी दोनच. आणि हात लावू नका. पहिली पाच मिनिटं कातडी बुडाला चिकटलेली असते, ओढलीत तर फाटते. आठ-दहा मिनिटांत ती खरपूस होऊन आपोआप सुटते. दुसरी बाजू चार मिनिटं पुरे. तुकडे काढा, सुटलेल्या चरबीतली दोन चमचे ठेवा, बाकीची वाटीत काढा. ती बटाटे परतायला सोन्यासारखी आहे.

त्याच भांड्यात लोणी, कांदा, गाजर. कांदा तांबूस झाला की लसूण, ओवा, मिरी, मग टोमॅटो, तेल सुटेपर्यंत. आता वाइन ओता आणि बुडाला चिकटलेलं सगळं लाकडी उलथन्याने खरवडून घ्या, सगळी चव त्यातच आहे. वाइन निम्मी आटली की पाणी, देठांची जुडी, तमालपत्र. तुकडे परत ठेवा, कातडी वर. द्रव तुकड्यांच्या अर्ध्या उंचीपर्यंतच हवा. बुडवलेत तर उकडलेली टर्की आणि सूप मिळेल. अर्धं वर राहिलेलं मांस वाफेवर शिजतं आणि कातडी आपला रंग राखते.

कशात शिजवायचं

यावर ओळखीच्या घरांत तीन पक्ष आहेत आणि कुणी मागे हटत नाही.

पहिला पक्ष दम लावणाऱ्यांचा. बिर्याणीचं जाड पातेलं, झाकणाला कणकेची कड, खाली जाड तवा, गॅस अगदी बारीक. अडीच ते तीन तास. आत नक्की काय चाललंय ते दिसत नाही, हा एकच तोटा. म्हणून कणीक लावण्याआधी आच ठरवून घ्यायची: झाकण ठेवून दहा मिनिटांनी उघडून पाहा, रस रटरटता कामा नये, खदखदता तर नाहीच. मधूनच कडेला एखादा बुडबुडा वर यावा, विरावा, मग दुसरीकडे एखादा. तेवढी आच बसली की कड लावा. माझं मत या पक्षाकडे आहे. मांस एकसंध राहतं आणि रसाला येणारा दाटपणा इतर कशात येत नाही.

दुसरा पक्ष ओटीजीवाल्यांचा. १५० ते १६० अंश, वरचा-खालचा दोन्ही कॉइल, झाकलेलं भांडं, तेवढाच वेळ. गॅसजवळ उभं राहावं लागत नाही. पण टर्कीची नळी लांब असते, तेव्हा भांडं झाकणासकट आत जातं का हे आदल्या दिवशी रिकामं ठेवून पाहा. झाकणाऐवजी ॲल्युमिनियमची फॉइल लावायची तर आत बटर पेपर हवा. टोमॅटो आणि वाइनच्या आंबटाने फॉइलला बारीक भोकं पडतात.

तिसरा पक्ष कुकरचा. त्याची चेष्टा करू नये. नोकरी करणाऱ्या घरात तीन तास गॅस जळत ठेवणं प्रत्येकाला जमत नाही. कुकरमध्ये उष्णता १२० अंशांच्या जवळ जाते, त्यामुळे पहिल्या शिटीनंतर बारीक आचेवर ३०-३५ मिनिटं पुरतात. द्रव थोडा कमी घ्या, तो आटत नाही. शिटी उचलून वाफ मात्र सोडू नका. दाब एकदम गेला की आतला रस जोरात उकळतो आणि मांसाचे धागे सुटून कोरडे होतात. प्रेशर आपोआप उतरू द्या. मग तुकडे बाहेर काढून रस उघडाच दहा-पंधरा मिनिटं आटवा. गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या भाच्याची ही पद्धत आहे. त्याची तंगडी मऊ असते, रस किंचित हलका लागतो, आणि तो हे मान्य करत नाही.

भांड्याबद्दल एवढंच: साध्या बिडाचं किंवा साध्या ॲल्युमिनियमचं नको. वाइन आणि टोमॅटो त्यात तीन तास राहिले की रस काळपट होतो आणि धातूची चव येते. स्टीलचं जाड बुडाचं किंवा एनॅमल चढवलेलं बीड उत्तम.

शिजली हे कसं ओळखायचं

घड्याळापेक्षा नळीकडे पाहा. मांस खालच्या टोकापासून आक्रसून वर सरकतं आणि दोन बोटं हाड उघडं पडतं. मांडीच्या जाड भागात सुरीचं टोक घाला, ते लोण्यात जावं तसं गेलं पाहिजे. मध्येच अडलं तर अजून अर्धा तास.

टर्कीच्या नळीत एक गोष्ट असते जी कोंबडीत एवढी जाणवत नाही. तिच्या स्नायूंचे कंडरे हाडासारखे कडक झालेले असतात, टोकदार, पांढरट, बोटभर लांबीचे. शिजलेल्या नळीचं टोक पंच्याने धरा, मांसातून डोकावणारं एकेक टोक चिमट्याने पकडा आणि सरळ रेषेत ओढा. सळसळत अख्खं बाहेर येतं. एका नळीत असे बरेच निघतात. मुलं आणि म्हातारी माणसं जेवायला असतील तर हे काम टाळू नका. गरम असतानाच करा, थंड झाल्यावर ते मांसाला धरून बसतात.

शक्य असेल तर हे सगळं आदल्या दिवशी उरका. भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. सकाळी वर चरबीचा पिवळा थर घट्ट झालेला असतो, तो चमच्याने उचलून निघतो. खाली रसाची जेली. गरम करताना झाकून, बारीक आचेवर, मधोमध वाफ येईपर्यंत.

वरची पेरणी

हा भाग पाच मिनिटांचा आहे आणि इथेच बहुतेकांचा पदार्थ बसतो किंवा फसतो.

पार्स्ली मिळाली तर घ्या, पण तिच्यासाठी कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत हिंडू नका. हिवाळ्यातली कोथिंबीर तिच्यापेक्षा बोलकी असते. तिच्यासोबत लसणाची पात, जी याच दोन-तीन महिन्यांत मिळते. कच्च्या लसणाच्या पाकळीचा जो झोंबरेपणा काहींना सोसत नाही, तो पातीत नसतो आणि वास तर तोच असतो. प्रमाण: दोन मुठी कोथिंबिरीची पानं, पातीच्या चार-पाच काड्या कोवळ्या कांदीसकट, पुदिन्याची पाच-सहा पानं, दोन लिंबांची साल, चिमूट मीठ. पात नसेल तर लसणाची एकच मोठी पाकळी.

सालीचं नीट ऐका. आपलं कागदी लिंबू लहान आणि पातळ सालीचं, म्हणून किसताना पांढऱ्या भागापर्यंत पोचायला वेळ लागत नाही आणि तो पांढरा भाग कडू. हिरवंगार न घेता पिवळसर होऊ लागलेलं, टणक लिंबू घ्या. कोमट पाण्याने चोळून धुवा, पुसा. आल्या-जायफळाच्या बारीक किसणीवर प्रत्येक जागी एकदाच फिरवा, मग लिंबू वळवा. किसणी कोथिंबिरीच्या वरच धरा, म्हणजे सालीतून उडणारं तेल पानांवर पडतं. लिंबू पिळायचं असेल तर किसल्यावर. पिळलेलं लिबलिबीत लिंबू किसता येत नाही.

पानं धुऊन पूर्ण सुकवलेली हवीत. चिरायची सुरीने. मिक्सरला लावलंत की ती चटणी झाली, पाणी सुटलं, सालीचा कडवटपणा सगळीकडे पसरला. खलबत्ताही नको. सुरीलाही धार हवी, बोथट सुरीने पानं चिरडून काळी पडतात. आणि हे वाढायच्या वेळीच करायचं. सकाळी करून ठेवलेली पेरणी संध्याकाळी शिळी लागते, कारण लसणाचा वास तेवढ्यात उग्र होतो.

भर घालण्याचे प्रयोग लोक करतातच. बारीक चिरलेली हिरवी मिरची चालते. भाजलेले तीळ छान लागतात, कुरकुरीतपणा येतो. शेंगदाण्याचं कूट घातलं की रस शोषला जातो आणि पदार्थ जड होतो, मला नाही आवडलं. चाट मसाला कुणी घालू पाहील तर हात धरा.

वाढताना

ज्वारीच्या कण्या याच्यासारखी जोड नाही. मऊ, थोडं ताक घालून शिजवलेल्या कण्या खोलगट ताटलीत, त्यावर तंगडीचा तुकडा, दोन पळ्या गाळलेला आटीव रस, आणि सगळ्यात शेवटी पेरणी. रस चाखून मगच मीठ घाला, आटल्यावर तो आधीच पुरेसा खारट असतो. इगतपुरीकडचा इंद्रायणी भातही चालतो, चिकट असल्यामुळे रस धरतो. बाजरीची भाकरी मला इथे फार ठसठशीत वाटते, पण आमच्याकडे निम्मे लोक भाकरीशिवाय उठत नाहीत, त्यांच्यासाठी नागलीची करते.

पेरणी टेबलावर वेगळ्या वाटीतही ठेवा. गरम रसावर पडली की तिचा वास उठतो आणि थोड्या वेळात मावळतो, म्हणून दुसऱ्या वाढीला ताजी चिमूट लागते. जेवायला शाकाहारी कुणी असेल तर त्यांची वाटी आधीच बाजूला काढा. साध्या वरणावर, वाफवलेल्या सुरणावर ती तितकीच चांगली लागते.

उरलेलं मांस हाडावरून सोडवून रसातच ठेवा, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव तव्यावर लोण्यात भाजा, आत हे मांस, कांदा आणि पिळलेलं लिंबू. हाडं टाकू नका. कुकरमध्ये पाणी, एक कांदा आणि मिरी घालून पाऊण तास ठेवलीत तर पुढच्या वेळचं बिनमिठाचं पाणी तयार होतं. बर्फाच्या साच्यात ओतून गोठवा आणि डब्यावर तारीख लिहा, नाहीतर घरात कुणीतरी ते सरबतात टाकेल.